कौसाक्का आणि आमची हॉटेलं

कौसाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त डोळे दिसत होते. बाकी चेहरा, कान, केस, मान, सगळं जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेलं. हातात चाळण, आणि अंगावर, भिंतीवर, उंबऱ्यावर लाल तिखटाची धूळ. आम्ही नगर जिल्ह्यातल्या कर्जतला नुकतेच आलो होतो, सामान अजून टेम्पोतून उतरत होतं आणि मी शिंकत होतो. एक, दोन, तीन, सात. आठव्या शिंकेला त्या बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आठ दिस शिंकाल, पाव्हणं. मंग सवय व्हईल." बरोबर आठ दिवस शिंकलो. नवव्या दिवशी थांबलं. तेव्हापासून मी कौसाक्कांचा शब्द प्रमाण मानायला लागलो, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

नीता, म्हणजे माझी बायको, जनावरांची डॉक्टर आहे. तिची बदली कर्जतच्या दवाखान्यात झाली म्हणून आम्ही पुणं सोडलं. मी कंपन्यांची माहितीपत्रकं लिहितो. हे काम कुठूनही करता येतं, म्हणजे नीताची बदली होईल तिथून. नीताला स्वयंपाक येतो, पण दिवसभर गोठे हिंडून आल्यावर करायचा नसतो. मला करायचा असतो, पण येत नाही. एकदा मी केलेल्या पिठल्याकडे बघून तिनं "हे कुठल्या जनावरासाठी?" असं खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं होतं. त्यामुळे गाव बदललं की आम्ही आधी भाड्याचं घर शोधतो आणि लगेच चांगलं हॉटेल. त्यात मी फोनमधल्या नकाशावर हॉटेलांना तारे देणारा माणूस. पुण्यात माझं लिहिणं वाचून लोक मिसळ खायला जायचे. निदान तीन जण गेले होते, त्यातला एक माझा मेहुणा.

पहिल्या महिन्यात आम्ही गावातली आणि आसपासच्या रस्त्यांवरची नऊ हॉटेलं पालथी घातली. मला अस्सल इथलं काहीतरी हवं होतं. प्रत्येक ठिकाणी मी मेनूकार्ड बाजूला सारून, चेहऱ्यावर जाणकार भाव आणून विचारायचो, "तुमच्याकडे इथलं खास काय?" आणि प्रत्येक ठिकाणी वेटर अभिमानानं सांगायचा, "पनीर." एकाला मी या भागातली झणझणीत शिपी आमटी मिळेल का म्हणून विचारलं. त्यानं मला नीट निरखलं आणि म्हणाला, "ती घरी करत्यात. तुमच्या घरी कुनी न्हाई का?" नीता एवढी हसली की फॅमिली रूमचा पडदा सारून पलीकडच्या लोकांनी डोकावून पाहिलं.

आमच्या माडीवरच्या घराची खिडकी कौसाक्कांच्या डंकावर उघडायची. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी मुसळं यंत्रावर ओळीनं वरखाली होतात आणि खालच्या खलात मिरची-मसाला कुटला जातो. आवाज असा की माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये मुंबईची मंडळी विचारायची, घरी बांधकाम काढलंय का. नवरा गेल्यापासून वीसेक वर्षं कौसाक्का हा डंक एकट्या चालवत होत्या. मुलगी लग्न होऊन राशीनला. उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर बायका नंबर लावून बसायच्या, पण पाऊस सुरू झाला की घरगुती काम थांबायचं. मग वर्षभर डंक चालायचा तो हॉटेलांवर. गावातली बहुतेक हॉटेलं आपला मसाला इथूनच कांडून न्यायची.

हे कळलं त्या दिवशी मी नीताला म्हणालो, आपला शोध संपला. कोण खवट खोबरं आणतो, कोण मिरचीचे देठ तसेच ठेवतो, कोण हळूच रंगाची पुडी टाकतो, सगळं या बाईला ठाऊक. आता दारोदार फिरायचं कारण नाही. विचारायचं आणि जायचं.

विचारलं. "कौसाक्का, हॉटेलवाल्यांमध्ये सगळ्यात चांगला मसाला कुणाचा?"

त्या चाळण हलवत राहिल्या. "ज्याचा त्याचा."

"तरी पण?"

"पाव्हणं, कुनाच्या गाईला काय झालं ते डॉक्टरीणबाई तुमाला सांगत्यात का?"

"रोज सांगते," मी म्हणालो. खरंच सांगते. जेवताना सांगते.

"मंग तुमच्या घरची रीत येगळी हाय," कौसाक्का म्हणाल्या, आणि डंक चालू केला. पुढचं बोलणं त्या आवाजात बुडालं.

ही त्यांची सवय होती. नको त्या प्रश्नाला त्या उत्तर द्यायच्या नाहीत, बटण दाबायच्या. एकदा ओट्यावर बसलेल्या एका बाईनं विचारलं, "आक्का, माझी जाऊ मसाल्यात काय घालती वं? तिची आमटी माझ्यापरीस चांगली व्हती." कौसाक्का म्हणाल्या, "हात घालती." आणि बटण दाबलं.

हॉटेलवाल्यांना त्यांनी वार लावून दिले होते. सोमवार बबनशेठचा, बुधवार स्टँडजवळच्या खानावळीचा, असं. दोघांची गाठ डंकावर पडता कामा नये. एकाचं काम झालं की त्या मूठभर खडेमीठ खलात टाकून कांडायच्या, ते फेकायच्या, फडक्यानं लोखंड पुसायच्या, मगच दुसऱ्याची मिरची आत. एका बुधवारी कुणीतरी दुसराच हॉटेलवाला वार चुकवून पोतं घेऊन आला. कौसाक्कांनी अर्धं दार लोटून घेतलं. भर उन्हात तो अर्धा तास बाहेर उभा. "आक्का, आत तर कुनीच न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्याचा मसाला हाय ना," त्या आतून म्हणाल्या. मी खिडकीत बसून हे बघत होतो आणि मला ते फार गमतीचं वाटत होतं. गंमत माझ्या अंगाशी यायला अजून वर्ष होतं.

तोंडानं सांगत नाहीत म्हटल्यावर मी शास्त्रीय पद्धत अवलंबली. आम्ही स्कूटरवर बसलो की त्या हमखास विचारायच्या, "कुटं निघालात?" मी हॉटेलाचं नाव सांगायचो आणि त्यांचं उत्तर लक्षात ठेवायचो. दोन-तीन महिन्यांत माझा सिद्धांत तयार झाला. "जाऊन या" म्हणजे ठीकठाक. "दमानं जेवा" म्हणजे उत्तम. "वरनं ताक प्या" म्हणजे तिखटात लबाडी आहे. आणि "कशाला जाता उन्हाचं" म्हणजे अजिबात जाऊ नका. नीता म्हणाली, त्या बाईला तुझ्या सिद्धांताची कल्पना तरी आहे का? मी म्हणालो, हीच तर खरी विद्या, बोलणाऱ्याच्या नकळत ओळखायची.

याच विद्येच्या जोरावर आम्ही बबनशेठच्या हॉटेलात सबंध पाच महिने पाऊल टाकलं नाही. पहिल्यांदा निघालो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कशाला जाता उन्हाचं." मी लगेच स्कूटर वळवली आणि आम्ही घरी पोहे खाल्ले. शेवटी नीतानंच एकदा सरळ विचारलं, "आक्का, बबनशेठकडे जाऊ नका म्हणाला होतात, ते का?" कौसाक्का गोंधळल्या. "मी कवा म्हनले?" नीतानं आठवण करून दिली. "आवो, एप्रिलचं ऊन व्हतं त्ये. दुपारचं बारा वाजलं व्हतं. तुमचं मालक डोक्याला काय न बांधता चाललं व्हतं." नीता माझ्याकडे बघत राहिली. मी फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधत होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही बबनशेठकडे गेलो. रस्त्याकडेचं पत्र्याचं हॉटेल, सहा टेबलं, फॅमिली रूम वगैरे काही नाही. बाजरीची भाकरी, काळ्या रश्श्यातलं मटण, कांदा. पहिला घास घेतला आणि मी गप्प झालो, जे सहसा होत नाही. नीता म्हणाली, "पाच महिने. पाच महिने आपण पोहे खातोय." तेव्हापासून दर आठवड्याला आम्ही तिथे. बबनशेठ ओळखायला लागला, नीताला "डॉक्टरीणबाई" म्हणून कट्ट्यावरून उठून नमस्कार करायला लागला. मसाला वडलांच्या हातचा आहे, एवढंच तो सांगायचा, आणि तेही अभिमानानं.

आता माझ्यासारख्या माणसानं एवढं चांगलं जेवून स्वस्थ बसावं की नाही? नाही. मी लिहिलं. पाच तारे दिले आणि खाली मोठा मजकूर. त्यात नुसतं चांगलं म्हणून भागेना, मला जाणकारी दाखवायची होती. लवंगी आणि बेडगी निम्मी-निम्मी, धने सढळ, दगडफूल इतरांच्या दुप्पट, आणि शिवाय भाजलेले तीळ. हे सगळं मी सोमवारी खिडकीत बसून बघितलं होतं, ओट्यावर कुठल्या पिशव्या उतरतात, उघडल्यावर काय वास येतो. मजकुराच्या शेवटी मी एक वाक्य घातलं, आणि ते घालताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं: "मी गावातल्या डंकाशेजारीच राहतो, त्यामुळे हे खात्रीनं सांगतो."

पुढच्या सोमवारी डंक वाजला नाही. मला वाटलं, वीज गेली असेल. मीटिंग छान पार पडली, मी खूश. त्याच्या पुढच्या सोमवारीही शांतता. त्या संध्याकाळी नीता दवाखान्यातून आली आणि पर्सही खाली न ठेवता म्हणाली, "तू काय लिहिलंयस?"

बबनशेठ त्याची म्हैस घेऊन दवाखान्यात आला होता. नीताला म्हणाला, "म्हशीचं बघा, डॉक्टरीणबाई. आन तुमच्या मिस्टरांना म्हनाव, लई झ्याक लिवता. माज्या बापाचा मसाला हुता, आता गावाचा झाला." तो मिरजगावच्या रस्त्याला नव्यानं निघालेल्या डंकावर जायला लागला होता. एवढंच नाही. बुधवारची खानावळ थांबली. शुक्रवारचा थांबला. कौसाक्का हॉटेलवाल्यांच्या मसाल्याचं गुपित बाहेर फोडतात, अशी बोलवा झाली. वीस वर्षं ज्या बाईनं जावेचा मसाला जावेला सांगितला नाही, तिच्याबद्दल.

मी मजकूर काढून टाकला आणि कौसाक्कांकडे गेलो. त्या ओट्यावर बसून होत्या. चेहऱ्यावरचं फडकं सोडलेलं होतं. मला आठवतं, त्यांचा सबंध चेहरा मी तेव्हाच नीट बघितला, आणि लाजेनं मान खाली घातली. मी माफी मागितली. सगळं सांगितलं, खिडकीसकट.

"तुमी खोटं न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. "पर माज्या दारातलं लिवलं."

"मी काढून टाकलंय, आक्का."

"बरं केलं." मग आत जाता जाता, "च्या घेता का?"

त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तो चहा प्यायलो. आयुष्यात इतका अवघड चहा मी दुसरा प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी बबनशेठकडे गेलो. म्हटलं, बाबा, त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. तो म्हणाला, "तिनं न्हाई सांगितलं, तर तुमाला कसं कळलं?" मी म्हणालो, "खिडकीतून." तो म्हणाला, "मंग आता खिडकीवर राग धरू का?" आणि पलीकडच्या टेबलाकडे वळला. मी हॉटेलातल्या सगळ्यांसमोर उभा होतो. मी हात जोडले. त्यानं पाण्याचा जग उचलला आणि आत गेला. मी पुन्हा दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो "डॉक्टरीणबाई बऱ्या हायेत ना" एवढंच म्हणाला. बाकीच्या हॉटेलवाल्यांकडेही गेलो. ते बबनशेठकडे बघून होते. तो परत गेला तर आम्ही जाऊ, म्हणाले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. घरगुती बायकांचं थोडंफार काम यायचं, तेवढाच डंक वाजायचा. मी मीटिंगमध्ये बसलो की खालून काही आवाज येतो का, इकडे कान. मुंबईची मंडळी म्हणाली, अभिनंदन, बांधकाम संपलं वाटतं. कौसाक्का आम्ही निघालो की आताही विचारायच्या, "कुटं निघालात?" पण आम्ही फार निघतच नव्हतो. कुठे जेवायला बसलो की त्यांच्या गप्प ओट्याची आठवण यायची आणि घास कडू लागायचा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नीताची पुन्हा बदली झाली. निघायला दहा दिवस होते. आम्ही कौसाक्कांकडे सांगायला गेलो. बोलता बोलता, विषय हलका करावा म्हणून, मी माझा आवडता मूर्खपणा केला. म्हणालो, "आक्का, आता तर आम्ही चाललोच. आता तरी सांगा, कर्जतमध्ये जेवायला सगळ्यात चांगलं हॉटेल कुठलं?"

"मला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "मी कुटं हाटेलात जेवलीय?"

"म्हणजे कुठल्याच नाही?" नीता म्हणाली.

"आमाला कोन नेतंय? मालक असताना येकदा भजी खाल्ली व्हती, स्टँडवर. उभ्यानं."

दोन वर्षं आम्ही त्यांच्या दारातून स्कूटर काढत होतो. दर वेळी त्या विचारायच्या, कुटं निघालात. दर वेळी मी हॉटेलाचं नाव सांगायचो आणि उत्तराचा अर्थ लावायचो. एकदाही, एकदाही माझ्या तोंडून "चला" निघालं नव्हतं. मी स्वतःला चवीचा माणूस म्हणवतो. मला स्वतःची शिसारी आली.

"चला," नीता म्हणाली.

"कुटं?"

"तुम्ही म्हणाल तिथं."

त्या नको नको म्हणाल्या. लोक काय म्हणतील, डंकवाली हाटेलात. मग आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या. केस नीट विंचरलेले. "बबनशेठकडं चला," म्हणाल्या. मी म्हणालो, दुसरीकडे जाऊ, तिथे पनीर चांगलं मिळतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुपारची वेळ, सहाही टेबलं भरलेली. आम्ही शिरलो तसा बबनशेठ कट्ट्यावरून उठला. एक टेबल रिकामं झालं, त्यानं स्वतः फडकं मारलं. कौसाक्का खुर्चीच्या टोकावर बसल्या. ताट आलं. त्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा घातला आणि सावकाश जेवायला लागल्या. मी जेवत नव्हतो, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आचारी दारात येऊन उभा राहिला. दोन-तीन टेबलांवरची माणसं ओळखीची, त्यांना सगळं प्रकरण ठाऊक. जेवता जेवता त्यांचेही हात मंदावले.

बबनशेठ आला. "कसं झालंय, आक्का?"

"पोट भरलं."

"पोटाचं न्हाई इचारत. मसाला कसा हाय? खरं सांगा. तुमाला कळतंय."

सगळं हॉटेल ऐकत होतं. मला कळलं, हा माणूस परीक्षा बघतोय. आणि मला हेही कळत होतं की रस्श्यात काहीतरी चुकलंय. पहिल्यासारखा नव्हता तो, माझ्यासारख्यालाही समजत होतं. मी तोंड उघडलं. नीतानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि तसाच दाबून ठेवला.

कौसाक्का पाणी प्यायल्या. "ही मान्सं जेवत्यात न्हवं? त्यांना इचारा. मी आज तुमची पाव्हनी हाय."

आणि त्या हात धुवायला उठल्या. मोरी आत होती, स्वयंपाकाच्या बाजूला. बबनशेठ त्यांच्यामागे गेला. दार उघडं होतं, मला दिसत होतं. कौसाक्कांनी पदराला हात पुसले, फळीवरच्या मसाल्याच्या डब्याकडे बोट केलं. त्यानं डबा काढून दिला. त्यांनी चिमूट घेतली, हुंगली, तळहातावर चोळली आणि त्याला काहीतरी सांगितलं. अगदी हळू. आचाऱ्यालासुद्धा त्यांनी बाहेर जायची खूण केली होती. बबनशेठनं मान हलवली. परत काही विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मग तो खाली बघत मान खाजवत उभा राहिला.

घरी येईपर्यंत विचारायची इच्छा जिभेवर येत होती, ती मी दाबत होतो. दगडफूल जुनं होतं? तीळ करपले होते? काय सांगितलं? कौसाक्का मात्र मजेत होत्या. म्हणाल्या, "हाटेलात लोकं येवढा येळ का बसत्यात वं? जेवन झालं की उठावं."

सोमवारी सकाळी साडेनऊला बबनशेठ पोतं घेऊन आला. त्यानं वर माझ्या खिडकीकडे बघितलं. मी उठून खिडकी लावली. थोड्या वेळानं डंक सुरू झाला, भिंत हादरायला लागली, मुंबईची मंडळी म्हणाली, परत काढलंत का बांधकाम. मी म्हणालो, हो, काढलं.

त्या आठवड्यात बुधवारही आला आणि शुक्रवारही.

आम्ही निघालो तेव्हा टेम्पो भरून झाला होता. कौसाक्का फडकं गुंडाळलेल्या तशाच बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "नीट जावा, पाव्हणं." मग नीताला हाताला धरून दारामागे नेलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. नीता आधी हसली, मग तिनं खाली वाकून त्यांना नमस्कार केला. एवढ्यात ओट्यावर कुणाची तरी मिरची आली. टेम्पो हलायच्या आधीच कौसाक्का आत गेल्या, आणि मुसळं पडायला लागली.

राशीनच्या फाट्यापर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुला सांगितलं तर तू लिहिशील."

"नाही लिहिणार. शपथ."

नीतानं माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्याला आता दोन वर्षं होतील. अजून सांगितलेलं नाही. मला राग यायचा. परवा मी हे लिहायला बसलो, तेव्हा ती मागून आली, खांद्यावरून दोन-चार ओळी वाचल्या, "लिहितोयसच ना," म्हणाली आणि जेवायला वाढायला गेली.